सेक्रेटरींची मूळव्याध

केमिस्टनं विचारलं, "हे कुणासाठी हवंय?" आणि मी म्हणालो, "माझ्यासाठी."

एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण घाबरलो की माझ्या तोंडाला थांबता येत नाही. केमिस्टनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, मग माझ्या मिशीकडे. "साहेब, हे बायकांचं मलम आहे. पाळी गेलेल्या बायकांना देतात."

"हो, पण मला पण चालतं," मी म्हणालो. "बसताना फार त्रास होतो हो."

माझ्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं. ती खाकर मी ओळखली. आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका खोकल्याची बाटली घ्यायला आले होते, आणि खोकला विसरून कान देऊन उभे होते.

चिठ्ठीच्या वरच्या भागात पेशंटचं नाव आणि वय होतं. तो भाग मी रस्त्यातच आत दुमडून टाकला होता. केमिस्टनं घडी उलगडली आणि नाव-वय वाचलं. त्यानं घडी होती तशी परत घातली, ट्यूब वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, दिवसातनं तीनदा कोमट पाण्यात बसायचं, विसरू नका. आणि तिखट बंद!"

मला त्याचा असा राग आला! त्यानं माझी बाजू सावरून घेतली होती, हे कळायला घरापर्यंतचा रस्ता चालावा लागला. काकांना मात्र जे कळायचं ते तिथल्या तिथे कळलं. सेक्रेटरींना मूळव्याध झाली.

सेक्रेटरी म्हणजे मी. वसई स्टेशनच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला आमची चार मजली बिल्डिंग होती, आणि तेव्हा तिथे नळ होते पण त्यांतून वाराच जास्त यायचा. पाणी टँकरचं. टँकर आला की तो टाकीत रिकामा व्हायचा आणि मग एकेका घराला ठरलेले हंडे. ते ठरवणारा मी. माझ्याकडे एक शिट्टी होती. ती मी लेकीच्या खेळण्यांतून उचलली होती, पण टाकीच्या तोंडाशी उभं राहून वाजवली की कमिशनर झाल्यासारखं वाटायचं. पाण्याचे नियम मीच बोर्डावर खडूनं लिहायचो: गाडी धुवायची नाही, झाडाला तांदळाचं पाणी, संडासात दर वेळी बादली ओतायची नाही. लोक पाळायचे आणि पाठ फिरली की मला नावं ठेवायचे. दोन्ही मला ठाऊक होतं.

मलम होतं माझ्या मुलीसाठी. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आज ती नोकरी करते, आणि हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. म्हणाली, "नाव घालू नका, बाकी सगळं लिहा. अजून किती घरांत हे होत असेल आणि लोक घाबरून बसत असतील. आणि बाबा, तुमचं ते मूळव्याधीचं नक्की लिहा."

तर, सुरुवात झाली ती धुण्यापासून.

एका सकाळी बायकोनं लेकीची चड्डी माझ्यासमोर धरली. तिच्यावर लाल डाग. मी पेपर न ठेवता म्हणालो, "कोकमाचा असेल. काल आईनं सोलकढी केली होती ना." बायकोनं चड्डी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी तिनं परत चड्डी धरली. परत डाग. "काल सोलकढी नव्हती," ती म्हणाली. मी पेपर खाली ठेवला.

लेक खेळत होती, खात होती, ताप नाही, काही नाही. फक्त शूला बसली की म्हणायची, "झोंबतं."

माझी आई तेव्हा रत्नागिरीकडून आमच्याकडे राहायला आलेली. तिनं सुनेला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजली. आमच्या दोन खोल्यांत कुजबूज मोठ्यानं बोलण्याहून जास्त ऐकू येई. "अगो, एवढ्या लवकर? आमच्या वेळी पोरी तेराव्या-चौदाव्या वर्षी शहाण्या व्हायच्या."

"आई, ती पाच वर्षांची आहे," बायको म्हणाली. "तिचे दुधाचे दात पडायचेत अजून."

"मग नजर." आई मीठ-मोहऱ्या शोधायला लागली.

मी तोवर गुन्हेगार शोधला होता. सायकल. दिवाळीला घेतलेली, मागे दोन छोटी चाकं असलेली लाल सायकल. तिचं सीट मी हातानं दाबून पाहिलं. कडक होतं. कडेला प्लास्टिकची धार होती. झालं! मी सायकल उचलली आणि माळ्यावर टाकली.

"बाबा, माझी सायकल?"

"सर्व्हिसिंगला दिलीय."

"माळ्यावर?"

नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, भले गृहस्थ. सर्दी-तापाला त्यांच्या हातचा एक डोस पुरायचा. त्यांनी टॉर्च मारून क्षणभर पाहिलं आणि लगेच टॉर्च बंद केला. "इथे लालसर मांस वाढल्यासारखं दिसतंय. गाठ असू शकते. मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा. ते काढून तपासायला पाठवतील."

'काढून' आणि 'तपासायला' हे दोनच शब्द मी ऐकले. तेवढ्यावर मी दोन दिवस काढले.

आमच्या घरात येरझाऱ्या घालायला जागा नव्हती. गॅलरीतून निघालो की तिसऱ्या पावलाला फ्रिज लागायचा. तरी मी घालत होतो. लेकीला भूल देतील का? पाच वर्षांच्या मुलाला भूल देतात तेव्हा आई-बापाला आत सोडतात का? गाठ म्हणजे कसली गाठ? हे सगळं मी भिंतीला विचारायचो, कारण बायकोला विचारलं की ती म्हणायची, "एका जागी बसा. नाहीतर हे वाटाणे सोला." मी वाटाणे सोलायला बसलो आणि वाटाणे केराच्या टोपलीत, सालं पातेल्यात टाकली. आईनं कपाळावर हात मारला.

बायकोनं तिच्या ऑफिसात कुणालातरी आडून आडून विचारलं. तिला कळलं की वसईत स्टेशनच्या पलीकडे एका नर्सिंग होममध्ये आठवड्यातून एकदा लहान मुलांच्या सर्जन बाई येतात.

"सर्जन म्हणजे कापणारच," मी म्हणालो.

"कापायचं की नाही हे ज्याला कापता येतं त्यालाच कळतं," ती म्हणाली. "मुंबईला जायचं तर जाऊच. आधी इथे."

बाई माझ्याच वयाच्या होत्या. पांढरा कोट, त्याखाली लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस, आणि बोलणं असं की जणू आम्ही शेजारून साखर मागायला आलोय. आधी त्यांनी लेकीलाच विचारलं, "मी बघू का? आई इथेच बसेल. दुखलं तर 'थांब' म्हणायचं, मी थांबेन." लेकीनं जरा विचार करून मान हलवली. मग मला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो म्हणजे उभा राहिलो. आत काय झालं ते बायकोनं नंतर सांगितलं. लेकीला बायकोच्याच मांडीवर टेकवून, पाय बेडकासारखे बाजूला करून बाईंनी नीट, चांगल्या उजेडात पाहिलं. हात फारसा लावलाच नाही. मग बायकोला प्रश्न विचारले: कुठे पडली का, खोकला होता का, शी कडक होते का, आणि अगदी शांतपणे, कुणी कधी तिला त्रास दिला असं वाटतं का. "हे सगळ्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या, "कारण पुष्कळदा हे बघून लोकांना भलतंच वाटतं आणि नको त्या माणसावर संशय जातो." बायकोनं विचार करून उत्तरं दिली. मी आत असतो तर सायकलीवर भाषण दिलं असतं.

मग त्यांनी एक कामच दिलं. लेकीला पाणी पाजायचं आणि शू लागेपर्यंत थांबायचं. नर्सिंग होमच्या त्या बाकावर ती दोन पेले पाणी प्यायली आणि तिनं मला माशांची चित्रं काढायला लावली. शू लागेना. मी दर मिनिटाला विचारायचो, "लागली?" शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं की ती परत जाते."

लागली एकदाची. बायको तिला आत घेऊन गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा बायकोचा चेहरा मला कळेना. रडलेली होती का हसलेली?

बाईंनी मला आत बोलावलं. "गाठ नाहीये," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची चाकांची होती, ती मागे सरकली आणि मी भिंतीला टेकलो. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"लघवी ज्या नळीतून बाहेर येते ना, तिच्या आतलं अस्तर घसरून तोंडाशी बाहेर आलंय," त्या म्हणाल्या आणि कोटाच्या बाहीतून आतल्या ड्रेसची बाही दोन बोटांनी ओढून मनगटाशी बाहेर काढली. पांढऱ्या बाहीच्या तोंडाशी निळ्या कापडाचं कडं उभं राहिलं. "असं. ते चड्डीला घासतं, सुजतं, लाल होतं आणि डाग पडतात. दिसायला मांस वाढल्यासारखं दिसतं. पण नीट बघितलं तर ते पूर्ण गोल कडं असतं, लहानशा मेदूवड्यासारखं, आणि मधे भोक. गाठीला असं मधोमध भोक नसतं. आता तिच्या आईनं आणि मी दोघींनी बघितलं, शू बरोब्बर त्या मधल्या भोकातूनच आली. म्हणून माझी खात्री झाली. याला युरेथ्रल प्रोलॅप्स म्हणतात. लहान मुलींना होतं. फार कुणी बघितलेलं नसतं, म्हणून ओळखू येत नाही."

"कशानं झालं?"

"एकच असं कारण नसतं. या वयात तिथली त्वचा नाजूक असते. खोकला, शी करताना कुंथणं, यानं जोर पडतो आणि सरकतं."

"सायकल?"

"सायकल नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"शी रोज होते का गं तुला?" बाईंनी लेकीला विचारलं.

"आम्ही धरून ठेवतो," लेक अभिमानानं म्हणाली. "पाणी वाचतं. बाबांनी बोर्डावर लिहिलंय."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार. म्हणाल्या, "बाबांच्या बोर्डावर तुझ्यासाठी वेगळा नियम. लागली की लगेच जायचं, आणि पाणी भरपूर प्यायचं."

उपाय असा होता. दिवसातून तीन वेळा पसरट टबात कोमट पाणी घेऊन तिला त्यात बसवायचं. मग हलकेच टिपून मुगाच्या दाण्याएवढं मलम तिच्या आईनं लावायचं. मलमात बायकांच्या शरीरातला हार्मोन असतो, त्यानं तिथली त्वचा बळकट होते आणि सूज उतरते. क्वचित छातीशी थोडी सूज दिसेल, घाबरायचं नाही, मलम थांबवलं की जाते. शी मऊ राहायला एक गोड औषध. आणि तीन आठवड्यांनी परत दाखवायचं.

"आणि नाही गेलं तर?" मी विचारलं.

"तर छोटं ऑपरेशन करावं लागेल. बाहेर आलेलं अस्तर काढून कडेनं टाके. भूल देऊन." त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. "बहुतेकांना लागत नाही. पण एक लक्षात ठेवा. ते कडं काळं-निळं पडलं, शू अडली किंवा रक्त जास्त जायला लागलं तर तीन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

अशा रीतीनं मी ती चिठ्ठी दुमडून केमिस्टकडे गेलो, आणि पुढचं तुम्हांला माहीत आहे.

आता पाणी. तीन वेळा टब म्हणजे आमच्या वाटच्या पाण्यातला मोठा वाटा टबातच. पहिल्या दिवशी आम्ही ते पाणी तापवलं, लेक बसली, आणि मग तेच पाणी मी बादलीत भरून संडासासाठी ठेवलं. तरी पुरेना. आंघोळीला मी तांब्या दोन तांब्यांवर आलो. आई म्हणाली, "मी अंग पुसून घेईन, पण पोरीचा टब चुकवू नको."

आणि लेक? तिला टब म्हणजे पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बघितलेली होडी वाटायची. "पाणी कमी आहे, होडी टेकली!" असं ओरडायची. म्हणजे शेजारच्या घराला ऐकू जाईल असं.

दाराबाहेर मी उभा असायचो. मला आत जायची परवानगी नव्हती. लेकीनंच सांगितलं होतं, "फक्त आई." पण बाईंचे शब्द डोक्यात बसले होते. "रंग काय आहे?" मी दारातून विचारायचो.

"लाल."

"काळसर तर नाही?"

"लाल म्हटलं ना. तुम्ही जा बघू."

मी गॅलरीपर्यंत जायचो आणि परत यायचो. "लाल म्हणजे कसा लाल?"

एका संध्याकाळी व्होल्टेज पडलं. आमच्याकडे हे नेहमीचं होतं, दिवा पिवळा होऊन काजव्यासारखा धुगधुगायचा. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, जरा काळपट वाटतंय." मी चपला न घालता खाली उतरलो, रिक्षा गाठली, रिक्षावाल्याला म्हणालो, "चल, वसई, नर्सिंग होम," आणि बसलोसुद्धा. तो म्हणाला, "पेशंट कुठाय?" पेशंट अजून वर टबात होता. मी परत धावत वर गेलो. बायको टॉर्च घेऊन उभी होती. "लाल आहे. दिव्यामुळे काळं दिसत होतं. आणि कालच्यापेक्षा लहान वाटतंय." मग खाली जाऊन रिक्षावाल्याला मीच मीटर पाडल्याचे पैसे दिले. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच पेशंट का?"

होतो म्हणजे, बिल्डिंगच्या मते मीच होतो.

काकांनी दोन दिवसांत बातमी चार मजल्यांवर पोहोचवली होती. पाण्याच्या वाटपाला मी शिट्टी घेऊन उभा राहिलो की लोक प्रेमानं म्हणायचे, "बसा ना, सेक्रेटरी." आणि लगेच, "नाही नाही, उभेच राहा." तिसऱ्या मजल्यावरून इसबगोलाचं पाकीट आलं. दुसऱ्या मजल्यावरून ताक. एकानं जिन्यात थांबवून मला त्याच्या मेव्हण्याच्या ऑपरेशनची अशी वर्णनं ऐकवली की मला खरोखरच बसवेना.

पण पाणी लपत नाही. आमच्या घराला पाणी पुरत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. एका दुपारी, सगळे झोपलेत असं बघून, मी टाकीचं झाकण उचललं आणि बादली खाली सोडली. सेक्रेटरी, स्वतःच्याच टाकीतून, स्वतःच्याच नियमाविरुद्ध. शिट्टी गळ्यात होती. बादली वर येते न येते तोच काका खिडकीत.

"काय सेक्रेटरी? नियम गळायला लागले वाटतं?"

"जरा... बसायला लागतं ना," मी म्हणालो.

"मंग सांगायचं व्हतं," मागून काकू आल्या. काका-काकू मूळचे तिथलेच, खाडीकाठच्या शेतकरी घरातले; आमची बिल्डिंग उभी राहिली ती त्यांच्याच वाडीवर, आणि मागे उरलेल्या तुकड्यात त्यांची जुनी विहीर होती. "आमच्या बावीचं पानी काय वाया चाललंय? मचूळ हाय, पिवाचं नाय, पन बसाला चालंल. तुमीच तं बोर्डावर लिवलंय, बावीचं पानी कोनी घ्यायचं नाय."

ते मी लिहिलं होतं खरं. भांडणं नकोत म्हणून. काकांनी तोच बोर्ड वाचून दाखवायची संधी सोडली नाही. काकूंनी त्यांना "गप बसा वो, मानसाला बसवत नाय आनि तुमी त्याला वाचून काय दाखवताव," म्हणून आत ढकललं.

त्या दिवसापासून आमच्या दारात सकाळ-संध्याकाळ कळशी. बायकोनं डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, मचूळ पाणी चालेल का. त्या म्हणाल्या, स्वच्छ गाळून उकळून कोमट केलंत तर चालेल. आणि त्या कळशीसोबत एका संध्याकाळी सुरणाची भाजी आली.

"मूळव्याधीला सुरन लई चांगलं," काकू म्हणाल्या. "सगलं खायाचं. माझ्यासमोर."

मी त्यांच्यासमोर सुरण खाल्लं. घशाला खाज सुटली. लेक शेजारी उभी राहून बघत होती.

"बाबा त्या टबात मावत नाहीत," ती एकदम म्हणाली.

मी घास गिळायचा विसरलो. बायकोनं पदर तोंडाला लावला. काकूंनी लेकीकडे बघितलं, मग बाथरूमच्या दाराशी वाळत घातलेल्या त्या लहानशा निळ्या टबाकडे, मग परत लेकीकडे.

"मावतंल, मावतंल," मग म्हणाल्या. "तुजा बाबा दिसतो त्याच्यापरीस बारीक हाय." आणि लेकीच्या गालावरून हात फिरवून भांडं न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी एकीऐवजी दोन कळश्या आल्या. दोन्ही गाळलेल्या.

तीन आठवडे. मी कॅलेंडरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि येता-जाता तेच बघायचो. डाग थांबले. झोंबणं थांबलं. बायको म्हणायची, "लहान होतंय." मी म्हणायचो, "पण गेलं नाही ना?" ती म्हणायची, "नाही." आणि मी परत गॅलरी ते फ्रिज येरझाऱ्या घालायचो. ऑपरेशनच्या खोलीचं दार मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण तेवढ्या दिवसांत त्याचा रंगसुद्धा मला माहीत झाला. हिरवा.

दाखवायच्या दिवशी मला ऑफिसातून सुटी घ्यायची होती. साहेबांनी कारण विचारलं. मी सवयीनं म्हणालो, "माझंच जरा... बसायचं दुखणं." सुटी ताबडतोब मिळाली.

नर्सिंग होममध्ये परत तोच बाक. लेक आपणहून दोन पेले पाणी प्यायली, अनुभवी पेशंटसारखं. आत गेल्या दोघी. मी बाहेर. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. त्याच्याकडे मी इतका वेळ टक लावून बघत होतो की शेवटी तेच अवघडल्यासारखं वाटलं.

दार उघडलं. बाईंनी मला बोलावलंसुद्धा नाही, दारातूनच म्हणाल्या, "अस्तर आत गेलंय. ऑपरेशनची गरज नाही. मलम हळूहळू बंद करायचं, कसं ते लिहून देते. शी मऊ ठेवा, पाणी पाजत राहा. कधीकधी परत येतं, तसे डाग दिसले तर घाबरू नका, या."

मी "थँक यू" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "सायकल?"

"चालवू दे की!"

घरी आल्या आल्या मी माळ्यावरून सायकल काढली. धूळ इतकी होती की आईला शिंका आल्या. लेक ती घेऊन जिन्यातून स्वतःच खाली गेली, धडधडत, एकेक पायरी. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. ती टाकीभोवती फेऱ्या मारायला लागली. आई आत गेली, माझ्या मते रडायला, तिच्या मते देवापाशी दिवा लावायला.

खालून काकूंनी वर पाहिलं. "सेक्रेटरी! बरं हाय का आता बसायला?"

मी खुशीत होतो. कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं. हात उंचावून मी ओरडणार होतो की बरं झालं, सगळं गेलं, मूळव्याध संपली, सुरण बंद. सगळी बिल्डिंग ऐकत होती. काका खिडकीत होते. तिसऱ्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायची थांबली होती.

बायकोनं मागून माझा शर्ट धरून मला आत ओढलं.

"काय करताय?" ती म्हणाली. "तुमचं बरं झालं म्हटलं की हे लोक विचारणार, कशानं बरं झालं. मग टब कुणाचा, मलम कुणाचं. ती सगळी तोंडं शेवटी कुणाकडे वळतील, कळतंय का? ती खाली या सगळ्यांच्या पोरांत खेळते." मग तिनं माझा शर्ट सोडला, चुरगळलेला भाग हातानं नीट केला आणि म्हणाली, "ऐका माझं. ही मुलगी या बिल्डिंगमध्ये राहतेय तोवर तुमची मूळव्याध बरी व्हायची नाही. जा, लंगडत लंगडत गॅलरीत जा आणि सांगा, अजून थोडी आहे म्हणून."